गारठा उशिरा उमटतो

नसीम,

तुला घेऊन पुरुषमंडळी कब्रस्तानाकडे निघाली तेव्हा मी तुमच्या कागलच्या घराच्या ओसरीवर तुझ्या वहिनीशेजारी बसले होते आणि मला काहीच झालं नाही. बायका रडत होत्या. मी कोणाला पाणी हवंय ते बघत होते. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "विजयाबाई लई घट्ट हाईत." तू असतीस तर हसली असतीस. मला काही झालं नाही असं मी म्हणाले की तू आधी घड्याळ बघायचीस.

ती सवय तुला आमच्या घरानं लावली. आमच्या घरात गारठा लागतो. सर्दीपडशाबद्दल बोलत नाही मी. गार वारा, ओले केस, पंख्याखालची झोप, एवढं पुरतं. मग काही तासांनी अंगावर लाल चट्टे उठतात, डोळे लाल होतात, सांधे ठणकतात, ताप चढतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं आलं तसं निघून जातं. आजोबांना होतं, बापूकाकांना होतं, मला आहे, माझ्या अमृताला आहे. आणि घरचा धंदा काय, तर दूध. गोठा आमचा, गावची दूध संस्था बापूकाकांकडे, आणि मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत फॅट मोजणारी. शीतगृहाच्या दारापर्यंत जायचं आणि तिथून मागं फिरायचं. मला नोकरी लागली तेव्हा तू अजून कॉलेजात होतीस, आणि या गोष्टीवर इतकी हसलीस की शेवटी मीही हसले.

तुला आमच्याबद्दल कॉलेजच्या आधीपासून माहीत होतं. तुझ्या अब्बांचा गादी कारखाना होता आणि आमचं घर त्यांचं कायमचं गिऱ्हाईक होतं. लोक दिवाळीआधी रजई भरायला टाकतात, आमच्याकडून आखाडातच निरोप जायचा. अब्बा माझ्या आईला म्हणायचे, "तुमच्या घरावर माझं घर चालतंय, वैनी." माझ्या लग्नात त्यांनी दिलेली जांभळी रजई अजून माझ्या पलंगावर आहे. कापूस दोनदा पिंजून झाला, खोळ तीच आहे.

पुढं तू शिकत गेलीस, बाहेर राहिलीस, आणि लोक म्हणत होते की ही काही परत यायची नाही तेव्हा परत आलीस. वैद्यकीय कॉलेजच्या मागच्या इमारतीत तुला एक खोली मिळाली. विषय दाहाचा. शरीर लढायला पेटतं तो दाह, आणि शत्रू नसतानाच आपोआप पेटतं तो दुसरा, रक्तातून पुढच्या पिढीत उतरणारा. तो दुसरा तुझा. लोकांना समजावून सांगायला तू निरनिराळ्या उपमा शोधायचीस आणि त्या सगळ्या वाईट असायच्या. बापूकाकांना तू राखणीच्या कुत्र्याची गोष्ट सांगितलीस. चोर नसताना भुंकतं म्हणालीस. ते म्हणाले, "भुकल्यालं चालतंय गं. हे तर घरच्यास्नीच चावतंय की." त्यानंतर तू ती गोष्ट कुठल्याच व्याख्यानात वापरली नाहीस.

शीतगृहाचा प्रयोग मात्र सांगितल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. गारठ्यानंच हे होतं, हे तुला डोळ्यांनी बघायचं होतं. सुपरवायझरला पटवून तू मला लोण्याच्या शीतगृहात क्रेटवर बसवलंस आणि स्वतः अंगावर कोट चढवून शेजारी उभी राहिलीस. थोड्या वेळानं तुझेच ओठ निळे पडले. मी मजेत. बाहेर आलो, माझा ताप घेतलास, अंग बघितलंस, काही नाही. आपण मिसळ खायला गेलो. परत येऊन वाट बघितलीस, तरी काही नाही. तू तोंड पाडून म्हणालीस, "विजे, तुला काय बी झालेलं न्हाय बघ. माझं चुकलं." आणि गेलीस. संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि माझ्या दंडांवर चट्टे उठायला लागले. मी फोन केला तर तू पहिला प्रश्न काय विचारलास? बरी आहेस का, असा नाही. "किती वाजता?"

तू स्कूटर घेऊन आलीस, उशाशी बसलीस, माझ्या हातातलं रक्त काढलंस आणि स्वतःला शिव्या देत राहिलीस. आमच्या घरातलं पोरगंसुद्धा सांगू शकलं असतं की गारठा लागतो तेव्हा काही होत नाही, ते नंतर उमटतं. तू विचारलं नव्हतंस आणि मला वाटलं की एवढी शिकलेली आहेस, तुला माहीत असणार. तिथून पुढं तू कोणालाही भेटलीस की तुझा तोच प्रश्न. कोणी म्हणालं, डोकं दुखतंय, की किती वाजल्यापासून.

लग्नांची गोष्ट तुला माझ्या चुलतभावाच्या लग्नात कळली. मे महिना, पत्र्याचा मांडव, तू घामानं निथळत होतीस. वैतागून तू माझ्या आत्याला विचारलंस की तुमच्यात सगळी लग्नं उन्हाळ्यातच का असतात. आत्या नेहमीचं म्हणाली, "कुळदैवताचं तसं हाय." तू वाढप होऊ दिलंस आणि मग हात धुताना परत विचारलंस. आत्या इकडं तिकडं बघून म्हणाली, "थंडीत नवरा मांडवात हुबा ऱ्हायाचा न्हाय गं. डोळं लाल, अंगात ताप. लोकांस्नी वाटतंय, पिऊन आलाय." तू जेवणाच्या मांडवातून पळत माझ्याकडे आलीस. पिढ्यान्‌पिढ्या एका घरानं आपला आजार ओळखला होता, त्याच्यावर उपाय काढला होता, आणि तो देवाच्या नावावर घातला होता. तुझे डोळे इतके चमकत होते की मला जरा भीतीच वाटली.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते आजही संपलेलं नाही.

तू आमची रक्तं तपासलीस, एका जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं, लेख तयार झाला. त्यात तू ही लग्नांची ओळ घातली होतीस. मी म्हणाले, काढ. तू म्हणालीस, "आगं, ह्या एका ओळीनं लेखाला जान येती." मी म्हणाले, लेखाला येते आणि आमची जाते. नाव लिहिलं नाहीस तरी उन्हाळ्यातच लग्न करणारं घर कागलात कोणाचं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. देवाचं म्हणून जे सांगत आलो ते दुखणं होतं, हे कळलं की आमच्या मुली कोण करणार? तू ओळ काढलीस. लेख छापून आला, त्यात आम्ही 'पठारावरचं एक शेतकरी कुटुंब' झालो. तू मला त्याची प्रत दिलीस आणि म्हणालीस, "घे. मीठ न घातलेलं कालवण."

मी चुकले होते असं मी आजही म्हणणार नाही. तुला लग्नाचा बाजार माहीत नव्हता, तू त्यात कधी उतरलीच नाहीस. पण तुझी बाजू मला माहीत होती, कारण बापूकाकांची मूत्रपिंडं गेली तेव्हा आपण दोघी तिथंच होतो. वर्षानुवर्षं शरीर पेटत राहिलं की त्यातून एक प्रथिन तयार होतं आणि ते साचत जातं. सगळ्यांच्यात नाही, काहींच्यात. दुखत नाही, खुपत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. डायलिसिसच्या खुर्चीवरून काका तुला म्हणाले, "नसीम, पोरी, हे मला आदी कळलं आसतं तर?" तू खोटं बोलली नाहीस. "औषध देता आलं आसतं, काका," असं म्हणालीस आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलंस.

त्यानंतरच्या भाऊबिजेला तू आमच्या घरी आलीस ती डब्यांची पिशवी घेऊन. ज्याला फराळ हवा त्यानं आधी तपासणीला लघवीची डबी भरून द्यायची. थोरले पावणे चिडले, पोरं हसली, माझ्या वहिनीनं कपाळाला हात लावला. पण चकलीसाठी सगळ्यांनी दिली. दरवर्षीचा तो रिवाजच झाला. आमच्यात आता कोणाची मूत्रपिंडं अचानक जाणार नाहीत, ते तुझ्यामुळे. हे तुला तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण तू डब्या मोजत असायचीस.

मात्र भाऊबिजेला सगळे येत नव्हते. आत्या गेल्यावर तिच्याकडची माणसं यायची थांबली. तिची मुलगी मंगल जयसिंगपूरला असते. मंगलला आणि तिच्या मुलाला कधी चट्टाही उठला नाही, काहींच्यात ते रक्तात असून दिसत नाही म्हणायचीस तू, पण मंगलची नात मनू दर थंडीत तापानं फणफणते, हे मीच तुला कधीतरी बोलता बोलता सांगितलं. झालं. तू माझ्या मागं लागलीस. "तिला सांग की गं. पोरीला नुसती अँटिबायोटिकं देत बसल्यात." मी म्हणायची, मंगलला कळलं की अख्ख्या जयसिंगपूरला कळलं, आणि तिची सून म्हणणार, सासूच्या माहेरचं खूळ माझ्या पोटी आलं. तू म्हणायचीस, "विजे, जनुकाला सासर-माहेर न्हाय." मी म्हणायची, माणसांना आहे.

असं आपलं चालायचं. मध्ये अमृताचं इंजेक्शन सुरू झालं. ते औषध इथं मिळवायला तू किती दारं ठोठावलीस ते मी बघितलं आहे. पहिल्या थंडीत आपण तिघी रंकाळ्यावर जाऊन बसलो, मुद्दाम, संध्याकाळच्या वाऱ्यात, स्वेटर न घालता. मी शाल गुंडाळून, तू घड्याळ धरून. घरी आलो. जेवणं झाली. अमृता झोपायला गेली, तिच्या अंगावर एक चट्टा नाही. मला वाटलं तू आता काहीतरी मोठं बोलणार. तू म्हणालीस, "भात हाय का शिल्लक? मला भूक लागली." आणि भात खाताना तुझे डोळे भरून आले. मी तिखट जास्त झालं का विचारलं, कारण दुसरं काही विचारायचं धाडस झालं नाही. मलाही इंजेक्शन घे म्हणून तू किती वेळा सांगितलंस. मी म्हणाले, माझं निम्मं आयुष्य रजईत निघालं, उरलेलंही निघेल.

मग अमृतानं लग्न ठरवलं, मुलगा रोहन, बिद्रीचा. आणि तारीख तिनंच काढली, मार्गशीर्षातली. भावकीला वाटलं पोरगी येडी झाली. तुला मात्र इतका आनंद झाला की तू फोनवर ओरडलीस, "मी येतो बघ! शाल न घेता येतो!" कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी तू शेवटपर्यंत 'येतो, जातो'च म्हणत राहिलीस, परदेशातल्या परिषदा करून आलीस तरी.

आपलं शेवटचं बोलणंही त्याच लग्नाबद्दल. तू विचारलंस, "विहीणबाईंस्नी सांगितलंस?" मी म्हणाले, सांगितलं. "काय सांगितलंस?" मी म्हणाले, अंगावर पित्त उठतं, त्याचं इंजेक्शन चालू आहे. पलीकडं तू हसलीस. "पित्त! विजे, मी निम्मं आयुष्य घातलं ह्याच्यात आणि तू त्याचं पित्त केलंस." मी म्हणाले, रोहनला सगळं माहीत आहे, अमृतानं सांगितलंय, बास झालं. तू म्हणालीस, "बास न्हाय. मी मांडवात सांगतो बघ माइकवरनं." मी म्हणाले, सांगून तर बघ. आणि फोन ठेवला. आपण कायम असाच ठेवायचो. मग दोनचार दिवसांनी तू प्रयोगशाळेत दुपारचा चहा यायच्या आधी टेबलावर डोकं टेकलंस आणि उचललं नाहीस. हृदय, म्हणाले डॉक्टर. दाहाशी काही संबंध नाही. तुझी विद्यार्थिनी सुप्रिया हे मला दोनदा सांगत होती, जणू त्यानं बरं वाटेल.

ओसरीवर मला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या जियारतीला आले तेव्हाही नाही. मी घरी येऊन अमृताच्या लग्नाच्या याद्या केल्या, ब्लाउज शिवायला टाकले, आचारी ठरवला.

काल बस्ता बांधायचा होता. दोन्हीकडची माणसं कोल्हापुरातल्या एका मोठ्या कापडाच्या दुकानात गादीवर बसलो. आत्याच्या जागी म्हणून मी मंगलला बोलावलं होतं. ती मनूला घेऊन आली, पोरीच्या अंगात दोन स्वेटर, कानाला टोपडं. वर एसी सुरू होता, आणि तो नेमका अमृताच्या, माझ्या आणि मनूच्या डोक्यावर. अमृता निवांत शालू बघत होती. मी पदर गुंडाळून घेतला. मंगल माझ्या कानाशी म्हणाली, "ह्या मनूचं काय करावं बाई. थंडी पडली की हिचा ताप सुरू. डॉक्टर बदलून दमलो." मी नुसती मान हलवली.

तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "ताईसाब, तब्येत बरी न्हाय काय? आकडून बसलाय." जरा कणकण आहे, असं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. आणि का कोण जाणे, मला तुझं ते फोनवरचं हसू ऐकू आलं. मला राग आला, नसीम. मेल्यावर तरी माझं ऐकायचं होतंस.

मी म्हणाले, "विहीणबाई, मला गारठा लागतो. ते पित्त न्हाय, मी तुमास्नी अर्धंच सांगितलं. आमच्या घरातला आजार हाय, आज्यापास्नं आलेला. अमृतालाबी हाय. औषध हाय त्याच्यावर, ती घेती. उद्या तिच्या लेकराला ईल, न्हायतर न्हाय. रोहनला सगळं ठावं हाय. आणि आमच्यात लगनं उन्हाळ्यात हुत्यात ती देवामुळं न्हाय, ह्या दुखण्यामुळं."

दुकानदार हातातला शालू तसाच धरून राहिला. विहीणबाईंच्या जाऊबाईंनी तोंड फिरवलं आणि मग दिवसभर ते सरळ केलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "हे आदी सांगाय पायजे हुतं." मी म्हणाले, व्हय, पायजे हुतं. त्या दुकानदाराकडे वळल्या, "ओ पावणं, आदी ती मशीन बंद करा. आणि ह्यो हिरवा ठेवा बाजूला." माफ केलं का नाही ते मला अजून माहीत नाही, पण हिरवा शालू घेतला.

मंगलनं मात्र मला सोडलं नाही. दुकानाच्या पायरीवर तिनं माझा दंड धरला. "तुला ठावं हुतं? माझ्या नातीचं हे कशामुळं हाय, तुला ठावं हुतं?" ती रडत होती आणि चिडली होती, आणि मनू तिच्या पदराला धरून आमच्याकडे बघत होती. तुझं ऐकत होते गं मी, नसीम, रोज ऐकत होते. मी तिला रिक्षात घातलं आणि सरळ तुझ्या प्रयोगशाळेत नेलं. सुप्रियानं मनूचं रक्त घेतलं, लघवीची डबी घेतली. पोरगी रडली नाही. सुप्रियानं तिला चकली दिली. तूच शिकवलं असणार.

निघताना मी सुप्रियाला म्हणाले, नसीमच्या लेखातली एक ओळ मी काढायला लावली होती, ती पुढच्या लेखात घाला. तिनं विचारलं, "नक्की? कोणाचं घर ते लोक ओळखतील." मी म्हणाले, ओळखू देत. जयसिंगपूरलाही कळू दे आणि आणखी कुठं आमच्या मुली दिल्यात तिथंही कळू दे. ती तुझ्याच खुर्चीत बसली होती, मला ते आवडलं नाही, पण ती नीट काम करते.

संध्याकाळी घरी आले. पोळ्या लाटायला घेतल्या आणि दंडांवर चट्टे दिसले. मग ताप चढला, डोळे लाल झाले, आणि त्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. इतक्या वर्षांच्या तापात मला कधी रडू आलं नव्हतं. अब्बांची रजई अंगावर घेतली तरी अंग हलत होतं. मी तुझ्या नावानं ओरडले, नसीम, अगदी गल्लीत हाक मारतात तशी. अमृता धावत आली, तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि तू तिला शिकवलंस तसंच विचारलं, "आई, गारठा किती वाजता लागला?"

दुपारी, कापडाच्या दुकानात, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं.

तुला खरं सांगते. दुकानात नाही लागला. तुला घेऊन ते सगळे निघाले, आणि मी तुमच्या ओसरीवर पाण्याचे तांबे भरत होते, तेव्हा लागला. काल उमटला.

तुझी,
विजू